एकच संख्या पुरते

माजिवडा, ठाणे
४ जानेवारी २०२५

मावशी,

पान फाटलं. एक्केचाळीस नंबरचं. तुझी जुनी वही स्कॅनरवर पालथी घालून दाबली आणि उचलताना कागद काचेला चिकटून राहिला. मजकूर शाबूत आहे. कडेला एक घडी आत दुमडलेली होती, तेवढा बोटभर तुकडा सुटला. त्यावर काही नव्हतं. मी पारदर्शक टेप लावलीय. तू ओरडणार हे माहीत आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आता दुसरी बातमी. पेपर स्वीकारला. काल जर्नलच्या संपादकांचा मेल आला. महिनाअखेरीस प्रुफं येतील, ती सात फेब्रुवारीच्या आत तपासून परत करायची. बारा तारखेला संस्थेत इंटरव्ह्यू आहे, कायमच्या जागेचा. माझी इथली मुदत मार्चमध्ये संपते हे आईने तुला सांगितलं असेलच. तिने सोसायटीच्या वॉचमनलाही सांगितलंय. अर्जात हाच पेपर सगळ्यात वर आहे. तो असेल तर जागा मिळेल. नसेल तर चौतिसाव्या वर्षी मी घोडबंदर रोडवरच्या एखाद्या क्लासमध्ये बारावीचं इंटिग्रेशन शिकवीन.

काल जेवताना अद्वय म्हणाला, "लग्नाला सहा वर्षं झाली, तू नक्की काय करतेस ते एकदा नवऱ्याला सांगून टाक." मी म्हटलं, टेकड्या समज. वेगवेगळ्या आकाराच्या, अगणित. टेकडीवर मुंगी सरळ चालते आणि ठरलेल्या नियमाने वळते. केव्हातरी ती आपलीच जुनी वाट ओलांडते. किती वळणांच्या आत? मावशीने एकोणऐंशी साली वहीत लिहिलंय: "प्रत्येक पृष्ठभागासाठी एकच संख्या पुरते." म्हणजे टेकडी कुठलीही घे, तेवढ्या वळणांत मुंगी सापडलीच. त्या ओळीवर माझं सगळं प्रमेय उभं आहे.

तो म्हणाला, "मुंगीला काय फायदा?"

पुढच्या पानावरची तुझी सिद्धता चहाने गेलेली आहे, म्हणून मी ती तीन ओळींत नव्याने लिहिली. पेपर तपासणाऱ्या रेफरीने फक्त विचारलं, हे आधी कुठे छापलंय का. नाही, म्हटलं. त्यामुळे पेपरात आता त्या साहाय्यक प्रमेयाला नाव आहे: प्रमोदिनीचा लेमा. तुझं नाव पहिल्यांदा छापून येणार आहे.

तीन ओळी सोबत जोडल्या आहेत. वाचून फक्त "बरोबर" एवढं लिही. माजिवड्याहून डोंबिवली काही लांब नाही, मी येऊनच विचारलं असतं. पण तुझा नियम आहे. गणित कागदावर.

देवयानी

•

डोंबिवली (पूर्व)
९ जानेवारी २०२५

चि. देवयानी,
अनेक आशीर्वाद.

पत्र आज मिळालं. टपाल हल्ली फार रेंगाळतं.

पेपर स्वीकारला हे चांगलं झालं. चहा मी सांडलेला नाही. तुझ्या आईने सांडला होता, ऐंशी साली, आणि अजून कबूल केलेला नाही.

माझं नाव काढून टाक. ते एका शाळामास्तरणीच्या वहीतलं टिपण आहे. वहीतलं वहीत राहू दे.

तुझ्या तीन ओळी पाहिल्या. त्याबद्दल सवडीने लिहीन. गुडघ्यामुळे फार वेळ बसवत नाही. तोवर तुला एक गणित घालते. लहानपणी सुट्टीत घालायची तसं.

टेंभी नाक्याला आम्ही राहायचो त्या चाळीत अठरा खोल्या होत्या. प्रत्येक खोलीला एकच किल्ली होती. तुझी आई आमची रोज कुठेतरी विसरायची आणि मी शाळेतून आले की पायरीवर बसून राहायची. चाळीत किल्ल्या किती होत्या?

उत्तर पाठव.

मावशी

•

माजिवडा
१३ जानेवारी २०२५

मावशी,

अठरा. झालं?

आईला विचारलं. ती म्हणते, कसल्या अठरा, कुलपं इतकी फालतू होती की कोणाचीही किल्ली कोणालाही लागायची. एक असली तरी चाळ चालली असती. आणि चहा तिने सांडलेला नाही. तुम्ही दोघी एकमेकींना थेट का नाही लिहीत? मी काय पोस्टमन आहे?

तुझ्या आठवणी वाचायला मला आवडतं, खरंच. पण आत्ता माझं डोकं त्यात नाही. चार दिवस झाले, जेवताना, पोळ्या लाटताना, बँकेच्या रांगेत, त्या तीन ओळी डोक्यात फिरतायत. उभं राहिलं की बसावंसं वाटतं, बसलं की उठावंसं. शेजारच्या टेबलावर ऋतुराज बसतो, माझ्याबरोबरच आलेला, त्याचीही मुदत मार्चपर्यंतच आहे. तो म्हणाला, "स्वीकारल्यावर कसलं टेन्शन घेतेस यार, टेन्शन आमच्यासारख्यांनी घ्यायचं." बरोबर आहे त्याचं. तरी मला तुझा एक शब्द हवाय.

नाव काढणार नाही. तू चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना त्रिकोण शिकवलेस. एक लेमा तुझ्या नावाचा असायला काय हरकत आहे? नको म्हणायची ही तुमच्या पिढीची खोडच आहे. पाहुण्यांकडे चहा नको म्हणायचा आणि मग दोन कप प्यायचा.

फक्त "बरोबर" लिही. पोस्टकार्डावर लिहिलंस तरी चालेल.

उद्या संक्रांत. तिळगूळ समज.

देवयानी

•

डोंबिवली (पूर्व)
१७ जानेवारी २०२५

चि. देवयानी,
अनेक आशीर्वाद.

विनिता सांगते ते आमच्या आणि शेजारच्या कुलपाबद्दल खरं आहे. आमची किल्ली त्यांना लागायची. त्यांच्या पलीकडच्या खोलीला ती अडकायची, पण जोर लावला तर फिरायची. त्याच्या पलीकडे लागायची नाही.

तिसऱ्या ओळीत तू "उघड आहे" असं लिहिलं आहेस. माझ्या वर्गात फळ्यावर ते दोन शब्द लिहिणाऱ्याला मी पुन्हा उभं करायची. ती ओळ पुन्हा लिही. ते दोन शब्द न वापरता.

गुडघा बरा आहे.

मावशी

•

माजिवडा
२७ जानेवारी २०२५

मावशी,

तुझं पत्र एकवीसला मिळालं. आज लिहितेय, कारण त्याआधी लिहिलं असतं तर नको ते लिहिलं गेलं असतं. आजही जाईल.

शुक्रवारी मी घराबाहेर अडकले. चावी अद्वयबरोबर पुण्याला गेलेली. आमच्या इमारतीत रंगूबाई अकरा घरी काम करतात, सगळ्यांच्या चाव्या त्यांच्याकडे असतात. त्यांना खालून बोलावलं. त्या आल्या, कमरेचा जुडगा काढला आणि दारापुढे एकेक चावी लावून बघायला लागल्या. हातात भाजीच्या पिशव्या, मी उभी.

"सगळ्यांची एकच असती तर बरं झालं असतं," मी म्हटलं.

"कोणाचं बरं, ताई? चोराचं," त्या म्हणाल्या. "एका घराची एकच चावी देता तुम्ही लोक. ती दुसऱ्या घराला लागत नाय. म्हणून हे गाठोडं झालंय ना माझ्या कमरेला."

एका घराची एकच. कमरेला अकरा.

आत येऊन पिशव्या तशाच टाकल्या आणि तुझी वही काढली. "प्रत्येक पृष्ठभागासाठी एकच संख्या पुरते." तू रंगूबाईंसारखं लिहिलं होतंस. मी आईसारखं वाचलं, सगळ्या चाळीला एकच.

मग ते दोन शब्द न वापरता तिसरी ओळ लिहायला बसले. पहिली ओळ: प्रत्येक टेकडीची एक संख्या असते. खरी आहे. दुसरी: टेकडी जराशी बदलली तर संख्या फारशी बदलत नाही. तीही खरी आहे. तिसरी: म्हणून सगळ्या टेकड्यांना मिळून एकच संख्या पुरते, उघड आहे. काही उघड नाही. टेकड्या संपत नाहीत. शेजारच्या खोलीला किल्ली लागते, पलीकडच्या खोलीला जोर लावून फिरते, त्यापलीकडे लागत नाही. थोडी थोडी वाढत ती संख्या कुठेही जाऊ शकते. तीन दिवस तिसरी ओळ लिहीत होते. आली नाही.

तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मग "चूक" हा दोन अक्षरांचा शब्द का लिहिला नाहीस? मी सातवीत आहे का, चाळीतली गणितं सोडवायला? तुझी कोडी टपालाने येत होती आणि इथे प्रुफांची तारीख जवळ येत होती. मला तू वाचवत होतीस की माझी परीक्षा घेत होतीस?

ऋतुराजला सांगितलं. त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "चूक आहे असं तरी कुठे सिद्ध झालंय? सिद्धता नाहीये, एवढंच. छापून येऊ दे. इंटरव्ह्यू होऊ दे. मग शुद्धिपत्र काढ. शंभर जण काढतात." वाईट माणूस नाहीये तो. त्याच्या जागी मी असते तर मीही त्याला हेच सांगितलं असतं.

प्रुफं आजच आली. छापील अक्षरात ती ओळ फार खरी दिसते.

काय करू ते सांग. आणि या वेळी किल्ल्या नकोत.

देवयानी

•

डोंबिवली (पूर्व)
३१ जानेवारी २०२५

चि. देवयानी,

किल्ल्या नाहीत.

तुझं पहिलं पत्र मला सहा तारखेला मिळालं होतं. नऊला मिळालं असं लिहिलं, ते खोटं. सहाला दुपारी वाचलं. तिसरी ओळ वाचली तेव्हाच कळलं. मग वर पाहिलं तर "प्रमोदिनीचा लेमा" असं लिहिलेलं. तीन दिवस मी ते नाव पाहत होते. चष्मा लावून, चष्मा काढून. कागद टीव्हीजवळ ठेवला होता, येताजाता दिसावा म्हणून. त्या तीन दिवसांत मी तुला "बरोबर" असं एक कार्ड लिहिलंही. टाकलं नाही. म्हणून किल्ल्यांचं गणित घातलं. तुला वाचवायला नव्हे. चूक तुझी तूच शोधलीस तर ती मला सांगावी लागणार नव्हती, म्हणून.

आता दुसरं. हे मी विनितालाही सांगितलेलं नाही.

एकोणऐंशीच्या डिसेंबरात, ज्यांच्या हाताखाली मी संशोधन करायची त्या सरांकडे मी वही घेऊन गेले. मी विचार मराठीत करायची, टिपणंही मराठीत. सर ऐकायचे आणि इंग्रजीत उतरवून घ्यायचे. मी ती ओळ वाचली. ते थांबले. म्हणाले, "एकच? म्हणजे सगळ्यांना मिळून एकच?" त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते खुर्चीतून उठले. माझ्यासाठी कोणी खुर्चीतून उठलं, असं तोवर झालेलं नव्हतं. मी मान डोलावली.

मला वाटलं, घरी जाऊन सिद्धता शोधू. असेलही तसंच. दीड वर्ष शोधली. मिळाली नाही. खोटं आहे असंही दाखवता आलं नाही. मधल्या काळात सरांनी ते परिषदेत सांगून टाकलं होतं, माझं नाव घेऊन. सिद्धता लवकरच येते आहे, असं म्हणाले होते. मी त्यांच्याकडे जायची बंद झाले. शाळेत जागा निघाली, घेतली. त्यांची तीन कार्डं आली. "कुठवर आलं?" एवढंच असायचं. मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्यानंतर त्यांनीही लिहिलं नाही. विनिताला वाटतं, त्यांनी मला काही त्रास दिला असणार. तिला मी तसं वाटू दिलं. त्यांनी कधी आवाजही चढवला नव्हता. ते वारले तेव्हा मी त्यांच्या घरच्यांना भेटायलाही गेले नाही.

गणित कागदावर, हा नियम त्या डिसेंबरातला आहे. समोर बसलं की माणूस मान डोलावतो.

त्या दिवशी घरी येऊन मी पान एक्केचाळीसच्या कडेला शिसपेन्सिलीने दोन शब्द लिहिले. "ज्याची त्याची." प्रत्येक पृष्ठभागासाठी ज्याची त्याची एकच संख्या पुरते. लिहिले आणि कड आत दुमडली. दुमडायची गरज नव्हती, वही दुसरं कोणी पाहत नव्हतं. तुझ्या नजरेस ते पडले नसतील. पंचेचाळीस वर्षांत पेन्सिल पुसट झाली असणार.

काय करायचं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तू मान डोलावशील.

मावशी

•

माजिवडा
५ फेब्रुवारी २०२५

मावशी,

पुसट झालेली नाही.

तुकड्यावर काही नव्हतं, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. होतं. घडी उलगडली आणि तुकडा हातात आला. तुझं अक्षर, खाली वाकलेला "ज्य". ज्याची त्याची. मी स्कॅनरपाशी तो धरून उभी होते. ओळीत तो कुठे बसतो ते बघायला काही वेळ लागत नाही. तू शिकवलं होतंस मला, अन्वय लावायला. मी लावला नाही. त्याआधीच्या दिवशी मेल आलेला होता आणि आईने पेढे आणले होते. टेप लावली, मजकुराच्या बाजूने, नीट. तुकडा कंपासच्या डबीत ठेवला आणि तुला "फक्त बरोबर लिही" असं पत्र लिहिलं.

पेपर पाठवला तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं. एवढं धरून ठेवलंय मी. पण चार जानेवारीपासून ठाऊक होतं. किंवा ठाऊक होऊ शकलं असतं आणि मी ते होऊ दिलं नाही. या दोन्हींत फरक असेल तर मला तो आत्ता सापडत नाहीये.

रंगूबाईंचं झालं ते सगळं खरं आहे. चाव्या, पिशव्या, चोर, सगळं. पण मला तेव्हा कळलं, हे खोटं. मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे मग तुझ्यावर चिडता आलं असतं. आणि चिडलेही. मी सातवीत आहे का, वगैरे. ते सगळं तू उलट न चिडता वाचलंस.

या आठवड्यात मी एका जागी बसलेली नाही. काल माजिवडा नाक्यापासून चालत निघाले ते तलावपाळीपर्यंत गेले आणि तिथे का आले ते आठवेना. अद्वय काही विचारत नाही. परवा फक्त म्हणाला, "मुंगी सापडली का?"

एक सांगते. तुझं वाक्य तुझ्या अर्थाने घेतलं तर सिद्धता लागते. पूर्ण. दुसऱ्या ओळीपर्यंत जे आहे ते सगळं टिकतं. ज्याची त्याची संख्या आहे, आणि ती शेजारी-शेजारी फारशी हलत नाही. त्यावर एक लहान प्रमेय उभं राहतं. काल लिहून काढलं, साडेतीन पानं झाली. कोणी खुर्चीतून उठणार नाही, पण खरं आहे. त्याने बारा तारखेला काही होणार नाही, हेही मला माहीत आहे. कमिटीतल्या बाईंनी मोठ्या प्रमेयाबद्दलच आधी मेल करून विचारलंय.

मोठं खरं आहे की खोटं, ते अजून तुलाही माहीत नाही आणि मलाही नाही. सरांना मात्र ते माहीत आहे असं वाटत राहिलं. मला राहून राहून त्यांची ती तीन कार्डं आठवतात, मी पाहिलेलीसुद्धा नाहीत.

संपादकांना दोन मेल लिहून ठेवलेत. एक प्रुफांबरोबर पाठवायचा, आभाराचा. दुसरा पेपर मागे घेण्याचा. दोन्ही ड्राफ्टमध्ये आहेत, एकाखाली एक. संध्याकाळपासून चार वेळा उघडून बघितले. दुसऱ्यात एक स्वल्पविराम बदलला.

तुझ्याकडून उत्तर नकोय. म्हणून तर हे आजच लिहून संपवतेय, उद्यावर ठेवलं तर तुला विचारीन.

तुकडा सोबत ठेवला आहे. तुझा आहे.

देवयानी

•

दुसऱ्या दिवशी, सहा फेब्रुवारीला, सकाळी पावणेनऊ वाजता देवयानीने पेपर मागे घेत असल्याचा मेल पाठवला. हे पत्र तिने टपालात टाकलं नाही. ते घेऊन ती डोंबिवलीला गेली. प्रमोदिनीने दार उघडलं, हात पुढे केला, चष्मा लावून दारातच उभ्याने पत्र दोनदा वाचलं आणि मग तिला आत घेतलं.